दोन ठोके, थांबून एक

३ सप्टेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोहोचले. तुझ्या आज्ञेप्रमाणे विमानात कानांत कापूस घालून बसले होते. त्यामुळे हवाईसुंदरीने काय विचारले ते कळेना आणि मी प्रत्येक प्रश्नाला मान डोलावत राहिले. परिणामी उतरेपर्यंत माझ्यापुढे टोमॅटोच्या रसाचे पेले जमले होते आणि शेजारचे गृहस्थ माझ्याकडे आदराने पाहू लागले होते. दादा असता तर म्हणाला असता, घरात एक बहिरी आणि एक मुकी पुरे होती, आता मुकीनेही बहिरेपण घेतले.

वहिनी घ्यायला आली होती. ती वाळली आहे, पण कुणी बोलून दाखवावे इतकी नाही. तिचे घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकाचा ओटा. दारामागच्या खुंटीवर दादाचे कामावरचे पिवळे हेल्मेट अजून आहे. त्याच खुंटीवर ती आपली छत्री अडकवते. मात्र हेल्मेटला धक्का लागू नये म्हणून आधी ते एका हाताने धरते. हे ती न पाहता करते.

काल मेट्रोचा नवा मार्ग सुरू झाला. काम चालू असताना जे गेले, त्यांच्या घरच्यांसाठी पहिल्या गाडीत जागा राखल्या होत्या. स्थानकात ताज्या रंगाचा आणि रबराचा वास होता. फलकांवरचे प्लास्टिक काही ठिकाणी काढायचे राहून गेले होते आणि लोक ते नखाने सोलत होते. फलाटाच्या कडेला काचेची भिंत आहे. गाडी आली की गाडीचे आणि भिंतीचे दार एकदमच उघडते. मला वाटले, दार हाताने ओढायचे असेल, म्हणून मी शिष्टाचाराने दुसऱ्या कुणी ते ओढावे याची वाट पाहत राहिले आणि ते मिटले. वहिनी आतून काचेपलीकडे माझ्याकडे पाहत होती. पुढच्या स्थानकावर ती माझ्यासाठी थांबली, पण पहिल्या गाडीतून जाण्याचा आपला मान असा हुकला.

या गाडीला चालक नाही. पुढच्या डब्यात अगदी समोर मोठी काच आहे आणि तिच्यातून भुयार आपल्याकडे धावत येताना दिसते. तू जाणतेसच, पण काल डोळ्यांनी पाहिले म्हणून पुन्हा लिहिते: दोन टोकांकडून खणत आलेली भुयारे जिथे भेटतात, तिथे ती नेमकी समोरासमोर यावीत, हे पाहणे दादाचे काम होते. ती आली. ती आल्यावर तो शेवटची मोजणी करायला उतरला आणि तिथलीच माती खचली.

वहिनीने मला काचेजवळ बसवले, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाली की गाडीच्या आवाजाहून वेगळे काही ऐकू आले तर नुसते बोट वर कर. तिच्या दवाखान्यात कान तपासताना लोकांना असेच करायला सांगतात. तिसरे स्थानक मागे पडले आणि थोड्या वेळाने माझे बोट वर गेले. आई, दोन ठोके होते. मग क्षणभर थांबून एक.

माझ्या आणि दादाच्या खोलीमधल्या भिंतीवर आम्ही रात्री ठकठक करायचो, ते तुला कधी ऐकू आले नाही. पण भिंतीचा रंग उडाल्यावर तू आम्हाला रागावली होतीस, ते आठवते ना? दोन ठोके आणि थांबून एक, याचा अर्थ होता: मी निजतो, तूही पुस्तक मिट. वहिनी म्हणाली की तो पलंगाच्या पाठीवरही रोज असेच वाजवायचा आणि तिला ती त्याची लकब वाटायची.

तिला घेऊन येण्याचा विषय मी अजून काढलेला नाही. धीर गोळा करते आहे. तुझा लोभ आहे तसाच राहू दे. माझ्या पाल्हाळाने तो आटला, असे होऊ नये.

तुझी,
मुकी


१४ सप्टेंबर

चि. मुकीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. चष्मा लावून दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोक्याला हात लावला. मी तुला सूनबाईला घेऊन यायला पाठवलं होतं. तू तिच्या शेजारी भुयारात जाऊन बसलीस! शाळेत पहिली यायचीस, पण दुकानातून मीठ आणायला सांगितलं तर दुकानाची पाटी वाचून परत यायचीस, त्यातलाच हा प्रकार.

अगं, गाडी म्हटली की खडखडणारच. माझं अर्धं आयुष्य गिरणीत मागावर गेलं, कान तिथेच ठेवून आले. लोखंडावर लोखंड आपटायला लागलं की माणसाला हवं ते ऐकू येतं. मला त्या खडखडाटात तुझ्या बाबांची हाक ऐकू यायची. आणि तो माणूस जिवंत असतानासुद्धा मला हाक मारायचा नाही, अहो-जाहोतच संसार संपला. तेव्हा ठोके-बिके मनात धरू नकोस आणि तिलाही धरू देऊ नकोस.

घरचं सांगते. त्याची खोली झाडून घेतली, खिडकीला निळा पडदा शिवला. सूनबाईला निळा आवडतो, हे मला तिच्या लग्नातल्या साडीवरून माहीत आहे. बाकी तिला काय आवडतं ते विचारायला मिळालंच कुठे? शिलाई मशीन तुझ्या खोलीत हलवलंय, मागच्या बोळाकडच्या भिंतीला लावून. तिथे दुपारचा उजेड छान येतो. मागचं दार कडी लावून बंदच ठेवते, बोळातलं मांजर आत येऊन कापडावर झोपतं. सूनबाईने पाठवलेलं कानातलं यंत्र बटणांच्या डब्यात सुखरूप आहे. घातलं की मला माझ्याच कात्रीची भीती वाटते.

एक सांगते, हसू नकोस. मी त्याला शेवटचं बघितलं नाही. तिकडेच सगळं उरकलं आणि मला कागद आला. त्यामुळे मन अजून दाराकडे असतं. दार वाजलं तर मला ऐकू येणार नाही, हा भाग वेगळा. म्हणून मशीनवर बसले तरी मान सारखी वळते आणि शिवण वाकडी जाते. गिऱ्हाइकं बोलतात. मला सून हवी आहे ती माझ्या म्हातारपणासाठी नव्हे. त्याच्याबद्दल बोलायला माझ्याएवढंच कारण असलेलं दुसरं माणूस जगात ते एकच आहे. हे तिला माझ्या शब्दांत सांग, तुझ्या पुस्तकी शब्दांत नको.

मोजे नीट वाळल्याशिवाय घालू नकोस. माया ठेव आणि उत्तर लवकर धाड.

तुझी,
आई


२५ सप्टेंबर

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

मला पत्र लिहिता येत नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. मुकीने तुमचा निरोप तुमच्याच शब्दांत सांगितला. मी पडद्याचं ऐकून न्हाणीघरात जाऊन आले.

तुम्हाला वाटत असेल की सुनेचं डोकं ठिकाणावर नाही. म्हणून माझं काम सांगते. आमच्याकडे माणसाला एका बंद खोलीत बसवतात. बाहेरचं काहीच आत येत नाही. कानाला बारीक आवाज सोडतात. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. मी काचेबाहेर बसून बघते. पुष्कळ माणसं मी आवाज सोडलेलाच नसताना बटण दाबतात. खोटं बोलत नाहीत ती. त्यांना ऐकू यायला हवं असतं. असं बटण मी रोज बघते, त्यामुळे स्वतःच्या कानावर माझा विश्वास नव्हता. मार्ग लोकांसाठी सुरू होण्याआधी रिकाम्या गाड्या धावत होत्या. आम्हा घरच्यांना त्यातल्या एकीत बसवून एकदा दाखवायला नेलं होतं. तेव्हाच मी ते ऐकलं आणि कुणाला बोलले नाही.

म्हणून मुकीची वाट पाहिली. तिला आधी काही सांगितलं नाही. जाताना तिने बोट वर केलं. येताना गाडी दुसऱ्या, शेजारच्या भुयारातून येते. तिथे मी तिला तसंच डोळे मिटून बसवलं. बोट मांडीवरच राहिलं. पुन्हा नेलं, पुन्हा तिथेच वर गेलं. म्हणजे आवाज आहे. कुणाचा आहे, ते मी विचारत नाही.

तुम्ही बोलावता, मला यावंसं वाटतं. पण रोज कामावरून सुटले की मी तिथून जाते आणि तो मला नीज म्हणतो. त्याला तसाच वाटेत सोडून पुढे कशी येऊ, ते तुम्हीच सांगा.

कानातलं यंत्र बटणांच्या डब्यातून काढा. कात्रीची सवय होते.

तुमच्या मायेतलं माझं माप कमी करू नका.

तुमची,
सून


२७ सप्टेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीचे पत्र याच पाकिटात घालते आहे. तिने ते उभ्याने लिहिले आणि वाचून न पाहता मला दिले.

परवा दादाच्या हाताखालच्या टोळीचा मुकादम भेटायला आला. तो एवढा उंच आहे की आमच्या दारातून वाकून येतो आणि एवढा संकोची की मला माझेच प्रतिबिंब पाहिल्यासारखे झाले. आम्ही दोघे कितीतरी वेळ चहाकडे पाहत बसलो. शेवटी मीच त्या ठोक्यांविषयी विचारले. त्याला आश्चर्य वाटले नाही. तो म्हणाला की भुयारे भेटली त्याच जागी दोन्ही बाजूंनी आणलेले रूळ जुळतात आणि तिथले सांधे अजून उघडे आहेत. दोन जवळजवळ आणि एक थोडा पुढे. चाक त्यांवरून गेले की वाजते. प्रवाशांच्या तक्रारी आल्या आहेत, म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मार्ग बंद ठेवून सांधे जोडून घासणार आहेत. मग तिथे काहीही ऐकू येणार नाही, असे तो चांगली बातमी दिल्यासारखा म्हणाला आणि वहिनीचा चेहरा पाहून त्याने कप खाली ठेवला.

आई, तुझ्या या मुलीने वर्गात कधी हात वर केला नाही. तिने त्या परक्या माणसाला विनवले की ते सांधे राहू द्या. तो म्हणाला की हे त्याच्या हातात नाही. जाताना वहिनीने त्याला विचारले की त्या जागेपर्यंत चालत जाता येते का. तो घाईने वाकून दाराबाहेर पडला. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. मी परतीचे तिकीट पुढे ढकलले आहे. रागावू नकोस, रविवारनंतर तिला एकटे ठेवण्याची माझी छाती नाही.

खरे सांगायचे तर आता फक्त तिच्यासाठी राहिले आहे, असेही नाही. ती कामावर गेली की मी एकटीच गाडीत जाऊन बसते. सोबत आणलेले पुस्तक त्याच पानावर आहे. ठोक्यांचे कारण मला कळले आहे आणि कारण कळल्याने काहीही कमी झालेले नाही. त्याने मोजून जुळवलेल्या भुयारातले रूळ आहेत ते. त्यांनी त्याची खूण वाजवावी, यात मला नवल वाटेनासे झाले आहे. काल तर माझे बोट आधी वर गेले आणि ठोके मागून आले.

आणखी एक लिहू की नको, असे झाले होते, पण लिहिते. भुयारात शिरताच समोरची काच काळी होते आणि तिच्यात आम्ही दोघी दिसतो. आमच्यामध्ये एक जागा असते. आम्ही ती ठरवून सोडत नाही. गाडी कितीही भरली, लोक दांड्यांना लटकले, तरी त्या जागेवर कुणी बसत नाही. परवा एक बाई पिशव्या सावरत तिथे बसायला वाकली, थबकली आणि कुणाची तरी क्षमा मागावी तशी हसून पुढे गेली. ती माझ्याकडे पाहून हसली नाही. वहिनीकडेही नाही.

तू इथे असतीस तर या सगळ्याला एक सणसणीत वाक्य सुनावले असतेस आणि आम्हाला भूक लागली असती. पत्रातून तसे एखादे पाठव. तुझ्या मायेची आज मला नेहमीपेक्षा अधिक गरज आहे.

तुझी,
मुकी


५ ऑक्टोबर, रविवार

चि. मुकी आणि चि. सौ. सूनबाई,
दोघींना अ. उ. आशीर्वाद.

सौ. लिहिण्याची जुनी सवय आहे, लिहिल्यावर लक्षात आलं. खोडत नाही. सूनबाई, तुझी हरकत असली तर तूच खोड.

मुकी, तुझं पहिलं पत्र आलं त्यानंतर काही नाही. पोस्टमन माझी नजर चुकवून जातो, जणू त्यानेच खाल्लंय. तू आजारी आहेस की नुसती आळशी, ते कळव.

आज एक झालं, ते लगेच लिहून टाकते. उद्या मी स्वतःवरच विश्वास ठेवणार नाही.

दुपारी मशीनवर बसले होते. शेजारच्या मास्तरांच्या सदऱ्याची बाही लावत होते. दोरा तुटला म्हणून थांबले आणि सुईत दोरा ओवत होते. तेवढ्यात बोळाकडची भिंत वाजली. मशीनची थरथर म्हणू नकोस, मशीन बंद होतं. थरथर मला पायातून कळते, ती मी ओळखते. हे मी ऐकलं. उजव्या कानाने. त्या कानाने मी तुझं रडणंसुद्धा ऐकलेलं नाही. यंत्र बटणांच्या डब्यातच होतं, मी नंतर उघडून पाहिलं.

एक ठोका. मग थोडं थांबून दोन.

उठून खिडकीतून बोळात पाहिलं. शेजारणीचे कपडे वाळत होते, मांजर भिंतीवर बसलं होतं, माणूस नाही. परत येऊन बसले तर पुन्हा तसंच. घाई नव्हती. आतल्याला त्रास होऊ नये अशा बेताने कुणी वाजवावं, तसं. मी भिंतीला हात लावला. भिंत गार होती. कोण आहे म्हणून ओरडले असेन, कारण घसा दुखतोय, पण माझा आवाज मला आला नाही. ते ठोके तेवढे आले.

तुझ्या पत्रात दोन आणि मग एक असं आहे. मला आलं ते उलटं. एक तर तू लिहिताना उलटं लिहिलंस, नाहीतर म्हातारीला ऐकू आलं तेही उलटं. दुसरंच खरं असेल. तुला मी मनात धरू नकोस म्हणून दटावलं आणि आता बघ, सदऱ्याची बाही खांद्याऐवजी गळ्याला लावून बसलेय. मास्तरांना काय सांगू?

सूनबाई, तू कान तपासतेस म्हणून तुला विचारते. मेलेल्या कानाला जगातलं बाकी काही ऐकू येत नाही आणि एकच गोष्ट येते, असं असतं का? असतं असं तुझ्या तोंडून कळलं, तर मी यंत्र घालीन. नसतं असं कळलं, तर घालणार नाही. तेवढ्यासाठी तरी लिही.

मी घाबरले नाही. हे मात्र खरं सांगते. फक्त काय करायचं ते कळलं नाही आणि बसून राहिले.

दोघींना पोटाशी धरते,
आई


१६ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे रविवारचे पत्र आज मिळाले. माझे सत्तावीस तारखेचे पत्र तुला तोवर मिळाले नव्हते, हे तुझ्याच पत्रावरून कळते. एव्हाना ते मिळाले असेल आणि त्या रविवारी इथे काय व्हायचे होते, ते तू वाचले असशील.

ते झाले. सोमवारी आम्ही गेलो. तिसरे स्थानक मागे पडले आणि गाडी त्या जागेवरून तेलावरून गेल्यासारखी गेली. वहिनीने डोळे मिटले होते. तिचा हात मांडीवर होता आणि बोट जरासे उचललेले, तसेच अधांतरी राहिले. आम्ही शेवटापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. काचेत पाहिले, तर आमच्यामधल्या जागेवर एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र उघडून खुशाल बसले होते. वहिनी घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. त्यानंतर ती कामाला गेली, पण मी तिला दारापर्यंत सोडायला आणि दारातून घ्यायला जात होते. का, ते तू विचारणार नाहीस.

आज तुझे पत्र मी वाचले आणि तिच्या हातात दिले. मला ते मोठ्याने वाचता आले नसते.

आई, मी उलटे लिहिले नव्हते आणि तुलाही उलटे ऐकू आले नाही. एक आणि मग दोन, ही वेगळी खूण आहे. मी ती तुला लिहिली नाही. वहिनीला सांगितली नाही. ती दादाला आणि मला, दोघांनाच ठाऊक होती.

दादा संध्याकाळच्या वर्गांहून उशिरा यायचा, तेव्हा तू दिवसभराच्या कामाने झोपलेली असायचीस. पुढचे दार वाजवले तरी तुला ऐकू येत नसे. मग तो वळसा घालून मागच्या बोळात जायचा आणि माझ्या खोलीची भिंत वाजवायचा. एक, मग दोन: आलो आहे, कडी काढ. मी उठून मागचे दार उघडायची. हे तुला कळू द्यायचे नाही, असे त्याने मला बजावले होते. आपला मुलगा दाराशी उभा असतो आणि आपल्याला ऐकू येत नाही, हे आईला कळले तर ती रोज दाराकडे डोळे लावून जागत बसेल, असे तो म्हणाला होता.

मी ते तुला कधीच सांगितले नाही. तू आता बसतेस, मान वळवतेस, ती पुढच्या दाराकडे.

वहिनीने पत्र वाचले. तिने मला खुणेचा अर्थ विचारला, मी तो सांगितला. मग तिने कोणते दार, असे विचारले. मी मागचे म्हणाले. ती उठली, खुंटीवरचे हेल्मेट दोन्ही हातांनी काढले, आपल्या निळ्या साडीत गुंडाळले आणि पेटीत तळाशी ठेवले. छत्री तशीच राहिली. दवाखान्यात सांगून उद्या तिकिटे काढायला जाणार आहोत. तिने तुला निरोप दिला आहे की असे कानाला नसते. पण यंत्र तरीही घाला, कारण आता घरात बोलायला माणसे येत आहेत.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे. आज मागत नाही. तो आज दुसऱ्या कुणाला हवा आहे. आम्ही दोघी पोहोचू तेव्हा पोहोचू. तू आमच्यासाठी थांबू नकोस. इतकी वर्षे त्याने मला उठवले. या वेळी त्याने भिंत तीच वाजवली, पण आत तू होतीस.

हे वाचून झाले की ऊठ आणि मागच्या दाराची कडी काढ. फार वेळ झाला, तो बाहेर उभा आहे.

तुझी,
मुकी